करवंदाचे रंग

मंगळवार, संध्याकाळ

आज मी चिडले ते उगाचच. खर्डीजवळच्या पाड्यावर माझ्या अंगणवाडीत चार वर्षांच्या सुमीला हिरवं कार्ड दाखवलं, तर म्हणाली, "कच्चं." काळं दाखवलं, तर "पिकलं." मी वहीत लिहून टाकलं, रंग येत नाहीत.

दुपारी तिच्या आईने करवंदं आणली. मी एक लाल उचललं, तर सुमीने माझा हातच धरला. "बाई, ते नको, आंबट हाय!" रंग येत नाहीत म्हणे! मग मी कच्चं करवंद तिच्यापुढे धरलं. "हे हिरवं." तिने ते नुसतं हातात फिरवून पाहिलं.

घरी जाताना मात्र दारातून ओरडली, "बाई, तुमची साडी कच्च्या करवंदावानी हिरवी!"

वहीतला तो शेरा आत्ता पार गिरगटून टाकला.