परखी आमच्या दारात

सडक अर्जुनी, बुधवार, दिवेलागण

आज दारात सर्वेवाली पोरगी आली. देशाच्या नेत्याचं काम कसं वाटते, चांगलं, मधलं का वाईट, हे घरोघरी विचारून राहिली होती. मी खुर्ची ओढून तयारच बसलो. पेपर मी वाचतो, मत माझंच घेणार. पण तिचा नियम वेगळा. घरात ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळ, त्यालाच विचारायचं. आधार कार्डं काढली. निघाली माझी बायको शकुन.

"मले कायले विचारतेस? ह्यायले विचार, हे बोलूनच राहतेत."

"नाही आजी, तुमचंच पाहिजे."

शकुननं पदराला हात पुसले. "रस्ता बरा झाला. पण पोरगं अजून कामासाठी परमुलखातच आहे. मधलं लिव्ह."

मिलवाला पोत्यात परखीची पोकळ सळई खुपसतो, मूठभर धान काढतो अन् साऱ्या गाडीचा भाव सांगतो. आज एवढ्या मोठ्या देशाच्या पोत्यात परखी गेली अन् मूठ निघाली शकुनची. केवढं नवल. घरचं मत म्हणून मी जन्मभर माझंच सांगत आलो. तिचं काऊन नाही विचारलं कधी?

जेवताना विचारलं, "अन् माझं काम कसं वाटते?"

भात वाढत म्हणाली, "मधलंच लिहा. पण विचारत जा."