पट्टीखालची हळद

३ नोव्हेंबर २०१४
आले एकदाची औरंगाबादला! पुण्यातल्या मैत्रिणींनी वेड्यात काढलं, पण नर्स म्हणून मला हेच काम हवं होतं: हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या जखमा सांभाळायच्या, चिघळू द्यायच्या नाहीत. गारखेड्यात खोलीही झकास मिळाली. घरमालकीण चतुराबाईंनी आल्या आल्या भाकरी आणि ठेचा पुढे केला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी हट्टानं संपवला.

७ नोव्हेंबर
देवगाव रंगारीच्या मनकर्णाबाई बायपासनंतर आज वॉर्डात आल्या. साखर वाढलेली, शरीर भारी, आणि छातीचं हाड मधोमध कापून तारेनं जोडलेलं. जखमेत जंतू शिरले तर हाडच उकलेल आणि बाई हातची जाईल. म्हणून माझा कायदा लागू: छातीला पट्टा, खोकताना उशी उराशी घट्ट, हातांवर जोर देऊन उठायचं नाही. जखमेवर हवाबंद पट्टी, तिला आतली हवा ओढणारा छोटा पंप. कडा जराशी सुटली की तो बोंबलतो. आणि हात धुतल्याशिवाय कोणीही जवळ फिरकायचं नाही. बाई म्हणाल्या, सासूनं बी एवढा जाच नव्हता केला. मला फार आवडल्या.

८ नोव्हेंबर
इथं पेशंटला बघायला जीप भरभरून गाव येतं. सगळ्यांना बेसिनपाशी उभं करून साबण लावायला लावला. एक वाकलेली म्हातारी मात्र बेसिन ओलांडून थेट आत गेली. हिरवं लुगडं, बोटं पिवळीधमक. मी झापलं तशी निमूट निघून गेली. मुलगा रामकिसन म्हणाला, आईच्या माहेरची असंल. माहेरचे गंगापूरवाले म्हणाले, देवगावची असंल. बघायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही कोण म्हणून विचारायचं कसं? म्हणून कोणी विचारलंच नाही.

११ नोव्हेंबर
आज पट्टी बदलली. कडा जिथल्या तिथं, पंप एकदाही वाजला नव्हता. आणि खाली जखमेवर ओली हळद. धुऊन काढली, जखम सुकी होती, नशीब.

इनचार्ज कालिंदीताईंना हळदीचं आणि त्या पिवळ्या बोटांच्या म्हातारीचं सांगितलं. म्हणाल्या, ती आवडाबाई. काही वर्षांपूर्वी तिच्या लेकीचं इथंच ऑपरेशन झालं. जखम लवकर भरावी म्हणून ही चोरून हळद भरत राहिली. जखम सडली, लेक गेली, मागोमाग म्हातारीही गेली. तेव्हापासून बघायला येणाऱ्यांत मिसळून येते, आणि ज्या जखमेला हात लावते ती उकलते. मला रजा घे म्हणाल्या. मी का घेऊ? पेशंट माझी आहे.

१३ नोव्हेंबर
भेटी बंद केल्या होत्या. दार आतून लावलं होतं. तरी भर दुपारी ती खाटेपाशी उभी— पुटपुटत होती, लेकीचं अजून भरलं नाय.

मी मधे उभी राहिले. म्हटलं, तुझी लेक तुझ्याच हातानं गेली. हिला बोट लावू देणार नाही. लावायचंच तर मला लाव.

तिनं माझ्या छातीकडं पाहिलं. बराच वेळ. मग नव्हती.

१८ नोव्हेंबर
मनकर्णाबाई घरी गेल्या! जखम सुकून रेघेएवढी. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. मी जिंकले. वॉर्डातच रडले.

संध्याकाळी परतले तर चतुराबाई म्हणाल्या, गावाकडची आत्या आली होती तुमची. चहा पाजला, खोली उघडून बसवलं.

मला आत्या नाही.

१९ नोव्हेंबर
छातीत ठणका. सकाळी आरशात— मधोमध सरळ पिवळी रेघ. मला कोणी कापलेलं नाही, तरी—

पुसली. पुन्हा आली. कडा उकलतायत.

घाबरले आहे. हो, घाबरले. पण मनकर्णाबाई देवगावात आपल्या अंगणात बसल्या असतील. ते आता त्या म्हातारीच्या हातात नाही.

उशी उराशी धरून लिहितेय. खालून चतुराबाई ओरडल्या, आत्या आलीया, वर धाडली—

कडी वाजतेय. साबण दाराजवळच ठेवलाय. मी ओरडून सांगितलं, म्हातारे, आत यायचं तर आधी हात धु—