पाणी चढायच्या आत

४ मे
धरणाचं पाणी झपाट्यानं उतरतंय. पळसदेवचं जुनं देऊळ पार पायरीपर्यंत उघडं पडलंय. आमचं जुनं गावही तिथंच, गाळात. आबा आता ऐंशीला टेकले. सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "इज्या, येकदा देवळापाशी जाऊन यिऊ रं. फुडल्या साली म्या आसंन नसंन."

आबांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं ते हे पहिल्यांदा. मी जागच्या जागी ठरवलं. न्यायचं, आणि त्यांच्याच फटफटीवर न्यायचं. धरणामुळं गाव उठलं तेव्हा ते आईला मागं बसवून याच टू-स्ट्रोकवर वर आले होते. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. फटफटी गोठ्यात उभी आहे. तीही बंद आहे, पण ते किरकोळ.

रविवारी निघायचं.

७ मे
फटफटीवरच्या कोंबड्या हाकलल्या. कार्बोरेटर उघडला, तर आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. ते पाडताना एक बारीक स्प्रिंग उडाली आणि कोंबडीनं टिपली. नेमकी कोणत्या कोंबडीनं, ते दिसलं नाही. संशयित कोंबड्या कापायच्या का, असं माधवीला विचारलं. बायको म्हणून जो सपोर्ट लागतो तो आमच्या घरात नाही.

तूर्त बॉलपेनची स्प्रिंग घातली आहे. प्रोग्रेस चांगला.

१० मे
रविवार गेला. मुद्दामच जाऊ दिला, घाई नको.

माधवीचं म्हणणं, तिच्या स्कूटीवर आबांना काठापर्यंत न्यावं, पुढं बिरदेवची होडी आहेच, अर्ध्या तासाचं काम. बिरदेव मासे धरतो, त्याला रोजचंच आहे. मी स्पष्ट नाही म्हणालो. स्कूटीवर आणि होडीत कुणीही जाईल. मी लांबून वळसा घालून वाळलेल्या गाळावरून नेणार. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. माधवी म्हणाली, वांग्यांना फवारा मारायचाय, मला वेळ नाही. विषय बदलायची तिला सवयच आहे.

१३ मे
दुकानातून रजा काढून बारामतीला म्हस्कू मिस्त्रीकडं गेलो. जुन्या टू-स्ट्रोकचा तो शेवटचा जाणकार. मोबाइलवर फोटो दाखवले. त्यानं बराच वेळ बघितले आणि विचारलं, इंदापुरात भंगारवाला नाही का? माणसं धंद्यात मुरली की त्यांच्यातली उमेद मरते. ठिणगी पाडणारा प्लॅटिनम पॉइंट मात्र दिला.

संध्याकाळी घरी आलो तर दोरीवर आबांचं धोतर वाळत होतं, गुडघ्यापर्यंत चिखलाचे डाग. स्कूटीही दिव्यापर्यंत माखलेली. माधवी म्हणाली, मासळी आणायला गेले होते. मासळी खरंच केली होती. आबा फटफटी बघायला गोठ्यात गेले असणार, तिथं चिखल आहेच. आज भलतेच खुशीत होते. एक भाकरी जास्त खाल्ली, आईच्या आठवणी काढल्या. मी बारामतीपर्यंत धडपडलो याचा त्यांना आनंद झालेला दिसतो.

२१ मे
चालू झाली!!

प्लग गेलेला होता, म्हणून माधवीच्या फवारणीच्या पंपाचा काढून लावला. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइलही पंपाचंच. तोही टू-स्ट्रोक, हीही टू-स्ट्रोक, नातलगच म्हणायचे. धुरात गोठा दिसेनासा झाला. म्हशीनं दावं तोडलं. म्हैस शेजारच्या उसात सापडेपर्यंत फटफटी बंद पडली होती.

माधवी म्हणते, वांग्यात अळी शिरलीय, प्लग दे. मी म्हणालो, वांगी दरवर्षी येतात, देऊळ दरवर्षी वर येत नाही. ती भांडी जोरात ठेवायला लागली.

२९ मे
किक उलटी बसली. नडगी सुजून वांग्यासारखी झालीय. बसल्या बसल्या विचार केला की गाळात वजन कमी पाहिजे. म्हणून मडगार्ड काढले, स्टँड काढलं, मागची सीट काढली.

आबा कुठं बसणार, असं माधवीनं विचारलं. हा मायनर इश्यू आहे.

६ जून
किक मारतोय. चालू होत नाही. स्टँड नाही, त्यामुळं धरून उभं राहावं लागतं. म्हस्कू फोन उचलत नाही.

आबा गोठ्याच्या दारात येऊन बसले. हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं आता. तुझ्या जिवाला किती तरास." आवाजात केवढी निराशा. माणसानं एक गोष्ट मागावी आणि पोटच्या पोरानं तीही देऊ नये. त्यांची पाठ वळली आणि मला रडू फुटलं. ग्रीसच्या हातानं डोळे पुसले, ते आता चुरचुरतायत.

१५ जून
घात झाला. इकडं एक थेंब नाही, पण पुण्याच्या वरच्या अंगाला कोसळतोय. मोबाइलवर सगळे दौंडकडून धरणात येणारा विसर्ग वाढल्याचं टाकतायत आणि खाली अभिनंदनाची फुलं ठेवतायत. यांना काय, यांच्या उसाला पाणी मिळणार. देवळाची पायरी गेली. गाळाची पट्टी अजून आहे. देवा, चार दिवस थांब.

१९ जून, पहाटे
आज किंवा कधीच नाही. फटफटी दुसऱ्या किकला चालू! मागं पोतं बांधून सीट केली. आबांना हाक मारली, तर म्हणाले, गुडघा धरलाय, तू हो म्होरं. ठीक आहे. आधी एकटा जाऊन वाट बघून येतो. येताना देवापुढचा अंगारा आणतो. मग आबा येतीलच.

१९ जून, संध्याकाळ
लिहवत नाही, तरी लिहितो.

उतारावर मस्त चालली होती. भेगाळलेली जमीन, समोर देवळाचा कळस. मी ओरडलो, "आबा, बघा!" मागं पोतंच होतं. मग वरची पापडी फुटली आणि मागचं चाक आख्खं आत गेलं. थ्रॉटल दिला, आणखी खाली. पाणी आवाज न करता आलं. आधी बुटात, मग सायलेन्सरमध्ये. इंजिन एकदा गुळगुळलं आणि गप झालं. मी हँडल ओढत राहिलो.

बिरदेव होडी घेऊन आला. म्हणाला, फटफटी सोडा, तुमी बसा. बसलो. हुंदका आवरत नव्हता. आबांना आता कधीच देऊळ दिसणार नाही, असं त्याला सांगितलं. त्यानं वल्हं थांबवलं.

"आबा तर मागल्या महिन्यातच यिऊन गेलं की. ह्याच फळीवर बसलं व्हतं. वहिनी व्हत्या संगं. तुमी बारामतीला गेलावता म्हनं."

काठ येईपर्यंत मी पाण्यावरच्या हँडलकडं बघत राहिलो.

२० जून
आबांना विचारलं. म्हणाले, "व्हय. देव बघिटला, पोट भरलं." मग मला का सांगितलं नाही? "तू कदी न्हाय ते येवढा कामाला लागलावतास. म्हनलं, कशाला मोडता घाला."

माधवीनं प्लग मागितला. प्लग फटफटीत आहे. फटफटी पाण्यात आहे. ती माझ्याकडं बघून वांग्यात गेली. दुपारी जाऊन आलो. हँडल अजून वर आहे, त्यावर बगळा बसला होता.

निश्चय: पुढच्या मे महिन्यात पाणी उतरलं की फटफटी काढायची, नीट करायची आणि आबांना देवळाला न्यायचं. हे त्यांना जेवताना सांगितलं.

आबा म्हणाले, "देऊळ बघून झालं रं. आता फुडल्या साली फटफटी बघाया जाऊ."

माधवी म्हणाली, स्कूटीवर नेते.