चार इंची रिंग

३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा सुधारल्याचं वाचून बरं वाटलं. डॉक्टरांना तू उलट उपदेश केलास, त्याचं मात्र नवल वाटलं नाही.

मी एका भानगडीत पडले आहे. कोपऱ्यावरच्या बालवाडीच्या बाई आल्या होत्या. तीस मुलं, तीस सारखे निळे एप्रन, आणि रोज घरी जाताना हा माझा की तुझा म्हणून रडारड. प्रत्येक एप्रनवर मुलाचं नाव भरून द्याल का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. दहा जूनला शाळा उघडते. तुला म्हणून लिहिते, घरात बोलले नाही: माझी बोटं आता सुई धरत नाहीत. सकाळी चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलते. म्हणून घरात एवढंच म्हटलं, की एक छोटंसं, परवडेल असं भरतकामाचं मशीन घेऊ या.

झालं. ह्यांनी नवी कोरी वही काढली. तीस वर्षं वजनमापं खात्यात दुसऱ्यांचे तराजू तपासलेला माणूस, मशीन काय असंतसं घेईल? चिरंजीव म्हणतात, घ्यायचं तर दहा सुयांचं घ्या, धंदा होईल. सूनबाईंनी त्या धंद्याचं नाव ठरवून पाटीचं चित्रही काढलं. शेजारच्या काकूंनी आयुष्यात बटण लावलेलं नाही, पण स्वस्तातलं घेऊ नका असं त्या दोनदा येऊन बजावून गेल्या. मला नक्की काय भरायचं आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

तूच काय ते सांग. लोभ आहेच, पण सध्या सल्ला जास्त हवा.

तुझी,
धाकटी

११ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी बोटं डॉक्टरांना दाखव. मी उपदेश करते म्हणून तूही करायला जाऊ नकोस, निमूट औषध घे.

आता मशीन. चाळीस वर्षं शिवणवर्ग चालवला, त्यावरून सांगते. पट्टी घे आणि एप्रनचा खिसा मोज. नाव चार इंचांत बसत असेल, तर चार इंची रिंगचं मशीन पुरे. दोन खोल्यांच्या घरात हत्ती बांधायचा नसतो. दुसरं, बिघडलं तर दुरुस्त करणारं माणूस पायी जाण्याइतकं जवळ आहे का ते बघ. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. या मशीनांत दोनशे फुलं असतात, बदकं असतात, आपली अक्षरं नसतात. पेन ड्राइव्हवरून बाहेरची अक्षरं घालता येतात का, ते आधी विचार. नाहीतर तीस मुलांच्या पोटावर तीस बदकं येतील आणि रडारड होती तशीच राहील.

चिरंजीवांना म्हणावं, आधी एका सुईत दोरा ओवून दाखवा, मग दहांचं बघू.

पत्र टाकायला आळस करू नकोस.

तुझी,
ताई

२ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

विषय: भरतकाम यंत्राच्या खरेदीस झालेल्या विलंबाबाबत.
संदर्भ: आपल्या भगिनीने माझ्याशी धरलेला चार दिवसांचा अबोला.

उपरोक्त विषयी खुलासा करतो, की आजवर सतरा यंत्रांची बावीस रकान्यांत तुलना पूर्ण झाली आहे. पंधरावा रकाना आवाजाचा आहे. दोन दुकानांत सुई बदलण्यास लागणारा वेळ मी स्वतः घड्याळ लावून मोजला. पुन्हा गेलो तेव्हा एका दुकानदाराने मला पाहून शटर ओढले. त्यांची जेवणाची वेळ असावी. गेल्या आठवड्यात एक विक्रेता दहा सुयांचे यंत्र प्रात्यक्षिकासाठी घेऊन आला. ते दारातून आत येईना, म्हणून जिन्यातच चालवले. आमच्या टॉवेलवर त्याने हंस फार सुबक भरला. फक्त तो विक्रेत्याच्या बाहीसकट भरला गेल्याने टॉवेल परत मिळायला वेळ लागला.

आता खाजगी. अकरा वर्षांपूर्वी कपडे धुण्याचे यंत्र मी एकट्याने निवडले होते. ते सुरू झाले की न्हाणीघरातून चालत बाहेर येई. पाहुण्यांना तो किस्सा अजून सांगतात आणि मीही हसतो. पुन्हा तसे हसण्याची माझी तयारी नाही. शिवाय परवा मी तिला सुईत दोरा ओवताना पाहिले. तीनदा सुई पडली. मी पाहिलेच नाही असे दाखवले. हे यंत्र चुकले तर ती दुसरे मागणार नाही, हे मला माहीत आहे.

तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.

आपला,
मेहुणा

९ मे

रा. रा. मेहुण्यांस,
स. न. वि. वि.

अर्ज पोचला. पहिली बाजू वाचून पोट धरून हसले, दुसरी वाचून हसले नाही.

निर्दोष मशीन शोधत बसलात तर ती मुलं कॉलेजात जातील. वही घरी ठेवा आणि तिला दुकानात घेऊन जा. मशीनला हात तिला लावू द्या, जाड-पातळ कापडावर तिलाच भरून बघू द्या. तुम्ही बोलायचं नाही. उबळ आलीच तर पाणी प्या. आणि सुई पडताना पाहिलंत, हे तिला सांगून टाका. त्याला रकाना लागत नाही.

आशीर्वाद मागितले नाहीत, तरी देते.

ताई

६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मशीन आलं. हे खरोखर वहीशिवाय निघाले. बसथांब्यावर एकदम म्हणाले, की त्या दिवशी सुई पडताना त्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, मला माहीत होतं.

मंडईमागे एक बाई मशीनं दुरुस्त करतात आणि वापरलेली विकतात. त्यांनी चार इंची मशीन दाखवलं, पेन ड्राइव्हही चालतो. पण कापड ताणून धरणाऱ्या रिंगचा स्क्रू माझ्याच्यानं आवळेना. बाईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि आतून लोहचुंबकाची रिंग आणली. कापड ठेवलं की वरची कड आपोआप टपकन बसते. बावीस रकान्यांत बोटांचा रकाना नव्हता, हे ह्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण तिसरा पेला पाणी त्यांनी तिथेच संपवला.

पहिले दोन एप्रन वाया गेले. एकाचा अनुस्वार खिशाबाहेर जाऊन बसला, दुसऱ्यावर काना गळला आणि मुलाचं नाव चक्क दारूचं झालं. तेव्हापासून अक्षरं जुळवायचं काम ह्यांनी घेतलं आहे. काना-मात्रा मिलिमीटरमध्ये मोजतात. मी दोऱ्यांचे रंग निवडते आणि खुर्चीत बसून चुका काढते. हे सुख मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस झाले, दोन उरलेत. चिरंजीवांचा धंदा मागे पडला, भरलेल्या नावांमागचे सुटे दोरे कातरायला घरात कोणी तयार नाही.

गोळ्या वेळेवर घेते. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट बंद करत होते, तेवढ्यात हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. उरलेल्या कापडावर माझं नाव भरून बघायचं म्हणतात. आणि विचारलं काय, तर माझ्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी. छत्तीस वर्षं नुसत्या ‘अगं’वर भागवलेला माणूस, ताई. मी दुसरी म्हणून सांगितलं. आहे पहिलीच, तुला ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांनी नाव घेतोच आहे, तर म्हटलं, जरा लांबवून घेऊ दे.