उन्हाळ्यातलं स्वेटर

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज दुपारपासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते आहे.

इथे अकोल्यात माझ्या अकरावीच्या वर्गात पोरी वह्यांनी वारा घेत होत्या आणि एक पोरगी लांब बाह्यांचं स्वेटर घालून बसली होती. जुन्या शहरात फुलं विकणाऱ्या घरची, एरवी मोठी बडबडी. दोन महिन्यांत मैत्रिणींना सोडून एकटीच्या बाकावर आली. तास संपला की वर्गाचा फोटो काढून कुणाला तरी पाठवायची. मी फोन जप्त करायची धमकी दिली, वर्गासमोर टोमणे मारले. अकलेचे दिवे पाजळले, दुसरं काय! फोन वाजला की तिचा चेहरा उतरतो, हे मला आज कुठे दिसलं. प्रयोगशाळेत बाजूला घेऊन स्वेटर का घातलंस विचारलं तर "पडली" म्हणाली. मी शेजारचं स्टूल ओढून बसले. मग तिनंच बाही वर केली. मनगटावर बोटांचे वळ. "फोटो नाई पाठवला त त्याले वाटते मी दुसऱ्या कोनासोबत हाओ. लय काळजी हाय त्याले माही." आणि एकदम माझा हात धरून, "घरी नोका सांगू जी मॅडम. बाबा शाळाच बंद करतीन."

ती खोटं बोलत नव्हती. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पोरीच्या वडिलांना मी लगोलग फोन केला होता. कर्तव्य केलं म्हणून त्या दिवशी घरी शांतपणे जेवलेही. आठवड्यात त्यांनी तिचा दाखला नेला. तिला छळणारा पोरगा मात्र त्याच वर्गात बसून बारावी झाला.

म्हणून तुम्ही आठवलात. वलगावची शाळा, माझी दहावी. तुम्ही माझ्या हाताकडे बघताय. "काय झालं वं हाताले?" "सायकलवरून पडली, बाई." तुम्ही खणातलं मलम लावता, पुढे विचारत नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की माझ्यासोबत गल्लीच्या तोंडापर्यंत पायी येता. माझा हात पिरगाळणारा तो नाल्याजवळ उभा असतो, तुम्हाला पाहून मान फिरवतो. पोरी मला बाईंचं शेपूट म्हणतात, मला तुमचा भयंकर राग येतो. गुडघे दुखत असताना तुम्ही परीक्षेपर्यंत चालत राहिलात. एकदाच म्हणालात, "ज्याच्याजवळ जातानी पोटात गोळा येते, तो आपला नसते, पोरी." आणखी एकदा विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, असं मला वाटत आलंय. हेच आपलं भांडण.

आज फाटकाबाहेर तिला फोटो मागणारा तो मोटरसायकलवर होता. मी तिच्यासोबत ऑटोपर्यंत गेले. तो आमच्या मागून हळूहळू येत राहिला, आणि बाई, मला मागे वळून बघवेना. मुख्याध्यापिकांना मी सांगितलंय, पोरीला विचारूनच. उद्या तिची आई येणार आहे, वडील नाही, हेही तिनंच ठरवलं. आई लेकीची बाजू घेईल की घरी जाऊन सगळं ओकेल, सांगता येत नाही. उद्याची मला फार भीती वाटते.

हे पत्र कपाटातच राहील. फक्त एक सांगायचं होतं. आमच्या घरी सायकलच नव्हती, बाई. रोज माझ्यासोबत पायी चालणाऱ्या तुम्हाला माझं खोटं कळलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते.