पहिल्या तासाची मावशी

चि. छकुलीस,

थोरलीचे दोघांना पुरतील इतके आशीर्वाद. पाय अजून सुजतात का? उशीवर ठेवत जा आणि जावईबापूंना दाबायला लाव (एरवी त्यांच्या हातांना काम तरी काय असतं?). त्यांना नमस्कार सांग. मी ठणठणीत आहे, कंबर सोडून.

'ताई, बाळंतपणाला तूच हवीस, पहिला तास बाळ तुझ्याच हातात' हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी आमच्या प्रसूतिकक्षातल्या सगळ्या सिस्टरना वाचून दाखवलं. पण या कामाने तुझ्या बहिणीचं काय करून ठेवलंय तेही ऐक. परवा बसमध्ये शेजारणीच्या मांडीवर बाळ होतं, दुपट्यातून एक पाऊल बाहेर. माझा हात गेलाच. पाऊल गार! झालं, मी सवयीने सुरू झाले: टोपी कुठाय, आधी पुसून कोरडं करा, उघड्या छातीशी धरा, कातडीला कातडी लागू दे, आंघोळीचं नाव काढू नका. अख्खी बस वळून बघायला लागली. बाळ चांगलं दहा महिन्यांचं होतं (हे मला कळलं ते त्याने बोट चावल्यावर). "अहो, याची आंघोळ सकाळीच झालीय!" ती बाई म्हणाली. पुढच्याच थांब्यावर मी उतरले आणि घरापर्यंत चालत आले.

यात माझा काय दोष गं? माझ्याकडे पोरं येतात तीच ओलीचिंब, चिडलेली. मी पुसते, पाठ चोळते, आईच्या छातीवर पालथं घालते, टोपी चढवते, नाळेची धडधड थांबली की चिमटा लावते. पोर तोंड वासून दूध शोधायला लागलं की आईआधी मलाच घाम फुटतो. पहिलं दूध पोटात गेलं, की वॉर्डातल्या सिस्टर येऊन मायलेकरांना घेऊन जातात. पुढचं मला काही ठाऊक नाही (मूल रांगतं म्हणे, ऐकीव माहिती).

गेल्या आठवड्यात किराणा दुकानात एक पोरगा गोळ्यांसाठी जमिनीवर लोळत भोकाड पसरून बसला होता. आई ओळखीची निघाली. हा जन्मला तेव्हा रडलाच नव्हता. पाठ चोळून, तोंडावर मास्क धरून रबरी फुग्याने श्वास देऊन रडवला, तेव्हा त्याच्याहून मोठ्याने मी रडले होते. आता सगळं दुकान वैतागलेलं आणि मी मात्र कौतुकाने ऐकत उभी. "ओ बाई, हसता काय? पुढे सरका की," आई म्हणाली. बाळंतपणाच्या दिवशी माझं तोंड मास्कने झाकलेलं होतं, ती तरी कशी ओळखणार? सांगावंसं फार वाटलं. जमलं नाही, सरकले.

सांभाळून राहा.

तुझी,
ताई

ता. क. पहिल्या तासाला मी येणार नाही. रागावू नकोस. तिथली सिस्टर सगळं नीट करेल. ती बाळाची पाठ चोळताना जावईबापूंनी मध्ये पडू नये, एवढं बघ.

आणखी ता. क. मला दुसरा तास हवाय, छकुले. आणि तिसरा, आणि त्यापुढचे, पोट दुखून रडण्याचे, काहीच न घडणारे. इतकी पोरं या हातांतून गेली, एकही माझ्या खांद्यावर जांभई देऊन झोपलं नाही.

शेवटची ता. क. हे विचारायला लिहिलंय असं समजू नकोस, कळवायला लिहिलंय. मोठी रजा मंजूर झाली आहे. मला घालवायचंच असेल तर बाळाने स्वतःच्या तोंडाने सांगावं, तोवर मी हलत नाही.