काठी कोणाच्या दारी

५ जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

इकडे जंगल ठीक, माणूस गोंधळात. परवा वनखात्याचे साहेब म्हणाले, आपला शेतकरी गट स्वतः राखण करताना दिसला तरच जंगल गटाकडे ठेवण्याचा करार पुढे चालू राहील. मी म्हटलं, राखण रोज होते. तर म्हणे, तुम्ही एकटे करता! राखणीची काठी ज्याच्या दारी, त्याची दुसऱ्या दिवशी पाळी, हा नियम माझाच. पण तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर फुटलेला कुठला कोंब ठेवायचा, कुठला छाटायचा, हे मी शाळेत न जाता शिकलो; गटातल्या बाकीच्यांना सांगूनही कळत नाही. म्हणून काठी आपल्याकडेच असते. तुझी वहिनी म्हणते, काठीला आपलं आडनाव लावून टाका. तू शिवणकामाचा गट चालवतेस. माझं चुकलं कुठे?

तुझा,
दादा

१२ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

वहिनीला शाबासकी सांग. आमच्याकडे काजं तिरकी होतात, तरी मी दुसरीच्या हातातली सुई घेत नाही. जीव जातो, पण घेत नाही. काठी शेजारच्या काकांच्या दारी ठेव आणि घरी बस. मागून कोंब तपासायला जायचं नाही. रागावलास तरी पत्र टाक.

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
धाकटी

२५ जानेवारी

चि. धाकटीस, आशीर्वाद.

काठी ठेवली. सकाळी काका परत घेऊन आले. म्हणाले, विसरलास वाटतं. पुन्हा ठेवली. पुन्हा आली, तीही तेल लावून! मग ओरडूनच सांगितलं, पाळी तुमची आहे. तेव्हापासून काठीचा पत्ता नाही. मला पाहिलं की सगळे गप्प होतात. साहेब पुढच्या आठवड्यात येणार. गट जुळला की मोडला, काही उमगत नाही. जंगलात गेलो नाही, शपथ. फक्त कुंपणापर्यंत.

गोंधळलेला,
दादा

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस, आशीर्वाद.

करार पुढे चालू राहिला. काठी घरोघर फिरत होती. मला कळलं तर मी ती परत नेईन, म्हणून सगळे गप्प! गटाची बैठकही माझ्याविना झाली. मी असलो की कोणाला बोलताच येत नाही म्हणे. साहेबांबरोबर फिरताना दिसलं, दोन बुंध्यांवर नको तेच कोंब ठेवलेत. तोंड मिटून पाहिलं. आनंद मानावा की राग, अजून ठरत नाही.

काल संध्याकाळी दार उघडलं, तर काठी उभी. मुठीला नवी सुतळी गुंडाळलेली. तुझी वहिनी म्हणाली, उद्या तुमची पाळी, लवकर झोपा. इतकी वर्षं काठी आपल्या घरात होती गं, पण कोणी आणून ठेवलेली पहिल्यांदाच पाहिली.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा